हॉटेलातला बोंबील फ्राय घरच्या तव्यावर कसा आणायचा?

मालवणी हॉटेलात झकास बोंबील फ्राय खाल्ला की तो घरी करून बघावासा वाटतोच. मग बहुतेक जण मसाल्याच्या मागे लागतात. कुणी लालबागहून वेगळा मसाला आणतं, कुणी आलं-लसूण वाढवतं, कुणी चिंचेचा कोळ घालून बघतं. तरीही बोंबील तव्याला चिकटतो, उलटताना मोडतो, ताटात येईपर्यंत मऊ पडतो. माझं ठाम मत आहे की हॉटेलातल्या आणि घरच्या बोंबलात फरक पडतो तो आधी तीन गोष्टींमुळे: माशातलं पाणी किती काढलं, तवा किती जड आणि किती तापलेला होता, आणि तव्यावरून ताटात यायला किती वेळ गेला. मसाल्याचा नंबर चौथा. या तिन्ही गोष्टी हॉटेलात जेवताना डोळ्यांसमोर असतात, म्हणून खालची सगळी पद्धत तिथल्या टेबलापासूनच सुरू होते.

घरी काय आणायचं, हॉटेलात काय राहू द्यायचं

प्रत्येक पदार्थ घरी करायचा हट्ट धरू नये. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ पासून चालत आलेल्या ब्रिटानिया या इराणी हॉटेलातला बेरी पुलावच घ्या. त्यातली आंबट बेरी म्हणजे इराणी झरेश्क. ती मिळवा, केशराचा भात साधा, मटण वेगळं शिजवा, कांदा तळा, एवढं सगळं करूनही तिथल्या मोठ्या भांड्यात मुरलेली चव दोन वाट्या भातात उतरणं कठीण. तो तिथे जाऊन, पोटात जागा ठेवून खावा. तंदुरी रोटीचंही तसंच. तंदूरच्या भिंतीची धग घरच्या गॅसवर मिळत नाही.

घरी आणायला पदार्थ असा निवडावा, ज्यात मुख्य जिन्नस एक, भांडं एक आणि कौशल्यही एकच असेल. बोंबील फ्राय त्यात चपखल बसतो. तिसऱ्यांचं सुकं, सुरमईची तुकडी, थालीपीठ हेही बसतात. मासे न खाणाऱ्यांनी वांग्याचे किंवा सुरणाचे काप घ्यावेत. मीठ लावून पाणी काढायचं, रव्यात घोळवायचं आणि जड तव्यावर खरपूस करायचं, ही पद्धत तिथेही तीच. मासे खाणाऱ्यांनीसुद्धा हात बसवायला आधी वांग्याचे काप करून बघायला हरकत नाही. वांगं स्वस्त आहे आणि मोडत नाही.

मालवणी थाळीवर माझा विश्वास असण्याला आणखी एक कारण आहे. मुंबईत हे जेवण मोठं झालं ते गिरणगावातल्या खानावळींमधून. कोकणातून गिरण्यांत कामाला आलेल्या, एकट्या राहणाऱ्या पुरुषांना लहानशा खोल्यांमधून जेवण रांधून देणाऱ्या बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशाच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. हे जेवण घरच्या चुलीवर, मोजक्या भांड्यांत होत आलेलं आहे. त्यामुळे आपल्या ओट्यावर ते पुन्हा जमू शकतं.

केव्हा जायचं आणि काय मागवायचं

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात छोट्या होड्यांचा किंवा साठवलेला मासा मिळतो. पहिला प्रयोग बंदी उठून बाजार नीट भरल्यावर करावा, म्हणजे हॉटेलात खाल्लेला आणि बाजारात घेतलेला मासा साधारण एकाच प्रतीचा असेल.

मुंबईतल्या मराठी घरांत मासळीचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी दुपारी मात्र मासळीच्या हॉटेलात जाऊ नका. बाहेर रांग, आत घाई, आणि तुम्हाला शांतपणे बघायचं आहे. बुधवारी किंवा शुक्रवारी, साडेबारा वाजायच्या आत पोचा. दादरला गोमांतक, सिंधुदुर्ग, चैतन्य आहेत, वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतक आहे. निवडताना एकच कसोटी लावा: या हॉटेलात आपण महिन्याभरात पुन्हा येऊ शकतो का? पुन्हा यावं लागणार आहे.

मागवण्याचा क्रम महत्त्वाचा. थाळी आणि फ्राय एकदम मागवलं की सगळं एकदम येतं, आपण आमटी-भातात रमतो आणि बोंबील बाजूला थंड होतो. आधी फक्त बोंबील फ्राय आणि एक वाटी सोलकढी मागवा. ते संपलं की थाळी सांगा. दोघं असाल तर एक प्लेट बोंबील आणि नंतर दोन थाळ्या पुरेशा होतात. थोडा जास्त वेळ लागतो, पण खास जेवणासाठी आलोय तर लागू दे.

ताट समोर आल्यावर

पहिला तुकडा घाईने तोंडात टाकू नका. आधी ताटलीकडे बघा. खाली तेल साचलंय का? साचलं नसेल तर बोंबील चांगल्या तापलेल्या तेलात पडला आणि नीट निथळला. कड बघा: तांबूस, एकसारखी आहे की मध्येच काळपट? एकसारखी असेल तर तवा सगळीकडे सारखा तापलेला होता. आवरणात दाणे दिसतात का? दाणे म्हणजे रवा, गुळगुळीत कवच म्हणजे तांदळाचं पीठ. पुष्कळ ठिकाणी दोन्ही मिसळलेलं असतं.

मग बोंबील मधोमध मोडा आणि आत बघा. मांस पांढरं, ओलसर, पण पाणी सुटत नसलेलं असेल तर तो मासा आधी दाबून ठेवलेला होता. बोंबील चपटा आणि रुंद दिसत असेल तर तो उघडून, मधला काटा काढून केलेला. मसाल्याची लाली फक्त पृष्ठभागावर आहे की मांसात शिरलीय, हेही इथेच कळतं. बहुतेक वेळा ती वरच असते. ज्यांना वाटतं की मासा रात्रभर मसाल्यात मुरवला तरच चव येते, त्यांनी हा तुटलेला भाग नीट बघावा.

आता चव. पहिला घास लिंबू न पिळता घ्या. आंबटपणा लागला तर तो मसाल्यातला, म्हणजे कोकमाचा आगळ, चिंच किंवा आधीच लावलेलं लिंबू. आगळाच्या आंबटपणाला मागून किंचित तुरटपणा येतो. लिंबाचा जिभेवर लगेच उमटतो आणि जातो. दुसरा घास लिंबू पिळून घ्या. तिसरा पाच मिनिटांनी, मुद्दाम गार होऊ दिलेल्या तुकड्याचा. गरम असताना कुरकुरीत लागलेला बोंबील पाच मिनिटांत किती मऊ पडतो हे एकदा समजून घेतलं की घरी वाढण्याची घाई का करायची ते सांगावं लागत नाही.

गर्दी ओसरली असेल आणि बिल आणणारे दादा मोकळे असतील तर सरळ विचारा, "दादा, बोंबलाला रवा लावता की तांदळाचं पीठ? आधी दाबून ठेवता का?" मसाल्याचं प्रमाण विचारू नये, तो त्यांचा धंदा आहे. पद्धत मात्र लोक आपुलकीने सांगतात, कधी आतल्या आचाऱ्याला विचारूनही सांगतात. घरी जाताना ट्रेनमध्येच फोनवर लिहून ठेवा, मोडलेल्या तुकड्याचा फोटोही ठेवा. रात्री आठवलेली चव आणि दुपारची चव यांत फार फरक पडतो.

बाजार

दादर, गिरगाव, माहीमचं सिटीलाइट, जिथे तुमची ओळखीची कोळीण असेल तिथे जा, आणि सकाळी जा. ओला बोंबील ताजा असला की अंग चकचकीत, जरासं पारदर्शक आणि फिकट गुलाबी झाक असलेलं असतं. पिवळट पडलेला, पोट फुटलेला किंवा नाकाला उग्र लागणारा नको. फार मोठेही नकोत. साधारण वीतभर लांबीचे तव्यावर नीट बसतात.

बोंबील बहुधा वाट्यावर मिळतात. घेताना सांगा, "मावशी, डोकं-पर काढा, आणि मधला काटा काढून उघडे करून द्या." त्यांचा हात इतका सफाईदार असतो की हे काम घरी करण्यात काही शहाणपण नाही. बोंबील नाजूक मासा आहे, आणला त्याच दिवशी करा. एक दिवस फ्रीजमध्ये ठेवलेल्याची चव आणि अंग दोन्ही उतरतं.

पाणी काढणं

सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, म्हणून सावकाश वाचा.

बोंबलाच्या अंगात पाणी फार. तव्यावर ते पाणी सुटत राहतं, आणि जोवर पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं वर चढत नाही. खरपूस तांबूस रंग आणि भाजल्याचा वास यायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे ओला बोंबील तव्यावर तळला जातच नाही, स्वतःच्या वाफेत शिजतो. मग आपण आच वाढवतो, आवरण करपतं आणि आतला मासा लगदा होतो. मसाला कितीही चांगला असला तरी इथे काही करू शकत नाही.

सहा उघडलेले बोंबील धुऊन निथळा. त्यांना अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा हळद दोन्ही बाजूंनी अलगद चोळा. मिठाने पाणी बाहेर ओढलं जातं. दहा मिनिटांनी एका सपाट ताटावर स्वच्छ, धुतलेलं सुती फडकं दुपदरी पसरा, त्यावर बोंबील एकमेकांना न चिकटता मांडा, वर पुन्हा फडकं, त्यावर दुसरं ताट आणि त्यावर वजन. पाटा असेल तर उत्तम. नसेल तर पाण्याने भरलेलं पातेलं चालतं. ताटाच्या एका बाजूखाली वाटी ठेवून ते किंचित तिरकं करा, म्हणजे पाणी एका कडेला जमेल. मुंबईच्या उकाड्यात हे ओट्यावर अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नका. पाऊण-एक तास दाबायचं असेल तर सगळं फ्रीजमध्ये सरकवा. मध्ये एकदा फडकं बदला.

वजनही बेताने. फार जड ठेवलं तर मांस फाटतं. काढल्यावर बोंबील चपटा, जरा चिवट आणि हाताला कोरडा लागला पाहिजे. एक टोक धरून उचलला तर तो लोंबेल, पण तुटणार नाही. इतकं झालं की निम्मं काम झालं.

मसाला आणि घोळ

आता मसाला, आणि तो कोरडाच. एवढ्या मेहनतीने काढलेलं पाणी वाटणातून परत घालू नये. दीड चमचा मालवणी मसाला, एक चमचा घट्ट आगळ किंवा लिंबाचा रस, अर्धा चमचा लसणाची बारीक, पाणी न घालता ठेचलेली गोळी. मीठ आधीच लागलंय आणि आगळातही असतं, तेव्हा वेगळं घालू नका. हे दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि दहा मिनिटं थांबा, पुरे.

मालवणी मसाला बाहेरून आणत असाल तर लालबागच्या मसाला गल्लीत एकदा जाऊन या, तेही मार्च ते मेमध्ये, वर्षाचा मसाला करायच्या दिवसांत. बेडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटपणाला, हे प्रमाण तिथे आपल्या तोंडाच्या चवीने सांगता येतं. मिरच्या, धणे, बडीशेप भाजून डंकावर कुटून मिळतात. ताज्या कुटलेल्या मसाल्याला जो वास असतो तो पाकिटातल्या मसाल्याला सहसा नसतो, आणि कोरड्या लेपात हा वासच कामाला येतो.

घोळायला तीन भाग तांदळाचं पीठ आणि एक भाग बारीक रवा. तांदळाच्या पिठाने कवच पातळ आणि कुरकुरीत राहतं, रव्याने दाणेदारपणा येतो. नुसता रवा लावला तर तो तेलात गळतो, मागे राहून जळतो आणि पुढच्या फेरीला कडू करतो. त्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर मसाला मिसळा. घोळवायचं अगदी तव्यात सोडण्याआधी. सगळे बोंबील आधीच घोळवून रांगेत ठेवले तर पीठ ओलं होऊन चिकट होतं.

तवा

बिडाचा तवा असेल तर तोच काढा. तो तापायला वेळ घेतो, पण गार मासा पडल्यावर त्याचं तापमान चटकन उतरत नाही. पातळ नॉनस्टिक तव्यात नेमकं उलटं होतं: मासा पडला की तवा गार, आणि पाणी सुटायला सुरुवात. नॉनस्टिकच असेल तर एका वेळी दोनच बोंबील टाका.

तवा मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं तापू द्या, मग तीन-चार मोठे चमचे तेल. शेंगदाण्याचं तेल मला या कामाला सगळ्यात आवडतं. रव्याची चिमूट टाकून बघा, ती लगेच चर्र करून फुलली पाहिजे. बोंबील आपल्यापासून दूरच्या दिशेने अलगद सोडा. आता तीन मिनिटं हात लावायचा नाही. इथेच बहुतेक जणांचा धीर सुटतो. कवच धरलं की मासा तव्यापासून स्वतः सुटतो. उलथणं खाली सहज सरकत नसेल तर अजून वेळ आहे. उलटून दुसरी बाजू दोन-तीन मिनिटं. काढून जाळीवर ठेवा. कागदावर एकावर एक रचले तर खालच्याला वाफ लागते आणि तो मऊ पडतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये तव्यावर पडलेला जळका चुरा गाळणीने काढून टाका.

प्रयोग करायचा तर एका वेळी एकच बदल

पहिल्या खेपेला चव हॉटेलासारखी आली नाही तर पुढच्या वेळी सगळंच बदलायचा मोह होतो. मग सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही. त्यापेक्षा सहा बोंबलांच्या तीन जोड्या करा आणि जोडीत एकच फरक ठेवा. पहिल्या जोडीत एक दाबलेला, एक न दाबलेला. बाकी मसाला, घोळ, तवा, वेळ सारखाच. दुसऱ्या जोडीत एक आगळाचा, एक लिंबाचा. तिसऱ्या जोडीत एक नुसत्या तांदळाच्या पिठाचा, एक मिश्रणाचा. जोडीतले दोन्ही एकाच वेळी, शेजारी-शेजारी तव्यात पडले पाहिजेत.

खाणाऱ्याला कुठला कोणता ते सांगू नका. आई, सासरे, मुलं, जे कोणी असतील त्यांना "यातला जास्त आवडला तो कोणता?" एवढंच विचारा. घरातल्या माणसांना आधी सांगितलं तर ते तुमचं मन राखायला बघतात. पहिल्या जोडीचा निकाल जवळजवळ नेहमी एकतर्फी लागतो. आगळ की लिंबू यावर मात्र घराघरांत वाद आहेत आणि ते असू देत. माझं मत आगळाच्या बाजूने.

यानंतर हॉटेलात पुन्हा जा. आता त्याच ताटलीत पहिल्या खेपेला न दिसलेल्या गोष्टी दिसतील: मीठ तुमच्यापेक्षा थोडं जास्त आहे, कवच तुमच्यापेक्षा पातळ आहे, किंवा तुमचाच बोंबील आतून जास्त ओलसर राहिलाय. एक फरक पकडा, घरी तेवढाच बदला.

सोलकढी, बोंबील दाबलेले असताना

वजन ठेवून झालं की हातात वेळ असतोच. दहा-बारा आमसुलं अर्ध्या वाटी कोमट पाण्यात भिजवा. एका नारळाचं खोबरं, दोन लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि अर्धा चमचा जिरं दीड वाटी कोमट पाण्यात वाटून फडक्यातून घट्ट पिळा. चोथ्यात आणखी वाटीभर पाणी घालून पुन्हा पिळा. आमसुलं कुस्करून त्यांचं पाणी गाळा आणि थोडं थोडं करत या नारळाच्या दुधात घाला, दर वेळी चाखत. मीठ सगळ्यात शेवटी, कारण आमसुलांना आधीच मीठ असतं. वरून कोथिंबीर.

ही कढी गरम करायची नाही, फाटते. जुन्या, काळपट आमसुलांनी रंग मळकट येतो. अशा वेळी रंगासाठी बीट घालू नका, नवी आमसुलं आणा. थोडा वेळ ठेवली की दूध वर आणि पाणी खाली होतं, वाढताना ढवळलं की झालं. दुसऱ्या दिवसापर्यंत मात्र ठेवू नये.

वाढणं

हॉटेलात प्रत्येकाला गरम बोंबील मिळतो, कारण आत तव्यापाशी कुणीतरी उभं असतं. घरी तो माणूस कोण, हे आधी ठरवा. आमटी-भात, चपात्या, सोलकढी, कांदा-लिंबू सगळं आधी टेबलावर मांडून घ्या, माणसं बसू द्या, आणि मगच पहिला बोंबील तव्यात सोडा. सगळे तळून, झाकून, मग एकत्र बसायचं हा शिष्टाचार या एका पदार्थाला लावू नका. झाकलेला बोंबील दहा मिनिटांत मऊ पडतो. दोन-दोन करून तव्यावरून थेट ताटात जाऊ द्या. अर्ध्या फेऱ्या झाल्या की उलथणं दुसऱ्याच्या हातात द्या, आणि ज्याने आतापर्यंत तळले त्याच्या ताटात पुढचे दोन पडू द्या.